लूमच्या खडखडाटातून थेट जंगलात

संडे म्हणजे मॉल, हे गणित कोणी ठरवलं? भिवंडी रोडवरून वसईची गाडी पकडा. या लाइनीवर गाड्या मोजक्याच, तेव्हा टाइमटेबल आधीच बघा. खारबावनंतर गोडाऊन्स मागे पडतात आणि खिडकीत डोंगर येतो. हेच तुंगारेश्वर, 2003 पासून अभयारण्य.

वसईहून रिक्षाने हायवेवरचा फाटा गाठायचा. तिथून महादेवाच्या देवळापर्यंत झाडीतून कच्चा रस्ता, मध्येमध्ये ओढे. पावसाळ्यात ते फुगतात, बऱ्याचदा बंदीही असते. उगाच हिरोगिरी नको!

बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि पलीकडचा सह्याद्री यांच्यामधला हा हिरवा दुवा. ‘आजोबा’ आठवतो? 2009 मध्ये रेडिओ कॉलर लावून माळशेजला सोडलेला बिबट्या. गडी शंभरावर किलोमीटर चालून वसईकडे आला, खाडी पोहून पार्कात शिरला. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीने त्याला उडवलं. पुढे त्याच्यावर सिनेमाही आला, 2014 मध्ये.

संध्याकाळ मात्र समुद्राचीच. नालासोपाऱ्याहून राजोडी किंवा कळंबला जा, सुरूच्या सावलीत पाय पसरा. बाइक आणली असेल तर चिंचोटी-कामण रोडने परतताना स्पीड कमी ठेवा. त्या रोडच्या दोन्ही अंगांना जंगल आहे.