पंधरा ताटांचा प्रश्न

आज राजकारणावर नाही, भाकरीवर लिहितोय. अर्थात शेवटी पोचणार तिथेच, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

कर्वेनगरला आमच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात दिवाळीनंतर एक छोटं कॅफे सुरू झालंय. 'कॅफे' हा शब्द मालकीणबाईंच्या मुलीचा. 'खानावळ' लिहिलं तर कॉलेजची पोरं आत येणार नाहीत, असं तिचं म्हणणं. आत चार टेबलं. चहा-कॉफी मिळते, पण खरी गर्दी ज्वारीच्या भाकरीला. 90 रुपयांत दोन भाकरी, पिठलं किंवा आमटी, एक पालेभाजी, शेंगाची चटणी, कांदा आणि ताक. मेथी, शेपू, चुका, अंबाडी, मंडईत जे ताजं मिळेल ते. पनीर विचारायचं नाही. जानेवारीत पहिल्यांदा गेलो, आता आठवड्यातून तीनदा जातो. दुपारी शेजारच्या टेबलावर कधी एमपीएससीची पोरं असतात, कधी सोसायटीचे वॉचमन, कधी पेन्शनर आजोबा.

काकू मूळच्या मंगळवेढ्याच्या. ज्वारी दिराच्या शेतातली, मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे काकूंना माहीत नव्हतं. त्यांना पीठ माहीत आहे. "दादा, पीठ जुनं झालं की विरी जाते, मग भाकरी थापताना चिरते," म्हणाल्या. म्हणून दर दोन दिवसांनी गिरणी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पीठ गरम पाण्यात मळा, हातावर थापा आणि तव्यावरून थेट ताटात वाढा. सकाळी करून ठेवलेली भाकरी दुपारी ती भाकरी राहत नाही. म्हणजे इथे मुख्य खर्च हातांचा आहे.

हिशोबच बघा. 2024-25 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,421 रुपये होता, म्हणजे किलोला साधारण 34. दोन भाकऱ्यांना पाव किलो पीठ धरलं तरी त्या भावाने साडेआठ रुपये. काकू दिराला याहून जास्त देतात, तरी 90 रुपयांच्या ताटात धान्य हा छोटाच भाग. बाकी भाजी, तेल, मदतीला येणाऱ्या ताईंचा पगार, गॅस आणि भाडं. गॅसही घरचा 14.2 किलोचा नाही, 19 किलोचा व्यावसायिक, ज्याचा दर महिन्याला बदलतो.

आता खरी गोष्ट. गाळ्याचा 11 महिन्यांचा करार संपत आलाय आणि भाडं 14 हजारांवरून 22 हजार होणार आहे. मालकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे तेवढं द्यायला तयार असलेलं दुसरं गिऱ्हाईक आहे. पण जादा आठ हजार म्हणजे महिन्याचे 26 दिवस धरले तर दिवसाला 300 रुपये. सगळा खर्च वजा जाता काकूंना ताटामागे वीसेक रुपये सुटतात. म्हणजे रोज पंधरा ताटं जास्त खपली तर त्या आहेत तिथेच राहतात. नाही खपली तर गाळा रिकामा.

आपल्याकडे भाकरीवर राजकारण भरपूर झालंय. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. जागा दिल्या गेल्या, पण पुढे कित्येक केंद्रांवर भलतेच पदार्थ विकले जाऊ लागले आणि योजना गुंडाळली. 2020 मध्ये 10 रुपयांची शिवभोजन थाळी आली. शहरात त्या थाळीची किंमत 50 रुपये धरली होती, म्हणजे वरचे 40 सरकारचे. 2023 हे तर जागतिक भरडधान्य वर्ष, तेही भारताच्याच पुढाकाराने. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्यासाठी स्वस्त थाळी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण जी बाई कुणाचं अनुदान न घेता रोज ताजं, सकस जेवण रास्त भावात देते, तिच्यासाठी आपल्याकडे काय आहे? भरडधान्याची जाहिरात करायला पैसे आहेत, भाकरी थापणारीला परवडेल असा गाळा नाही.

मत मागायला येतील त्यांना एवढंच विचारा: मंडईच्या आणि व्यापारी संकुलांच्या नव्या इमारतींत बचत गटांसाठी आणि अशा खानावळींसाठी ठराविक भाड्याचे चार गाळे राखून ठेवणार का? आणि दिलेल्या गाळ्यात खरंच तेच विकलं जातंय का, हे दरवर्षी तपासणार का? झुणका-भाकरीचा धडा तोच आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. सोसायटीची मीटिंग, ऑफिसचं दुपारचं जेवण, घरचं हळदीकुंकू, एक ऑर्डर अशा ठिकाणी द्या. प्रत्येक भागात अशी एखादी काकू असतेच. मी आमच्या सोसायटीतून शनिवारची बारा ताटं ठरवून आलोय. रोजची पंधरा अजून बाकी आहेत.