पान उलटण्याआधी

बालपुस्तक महोत्सवात लेखकाला भेटायला आलेल्या मुलांचे दोन घोळके चटकन ओळखू येतात. एकाने पुस्तक वाचलेलं असतं, दुसऱ्याने नसतं. न वाचलेली मुलं विचारतात, ‘तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळाली?’ हा प्रश्न बहुधा बाईंनी वहीत उतरवून दिलेला असतो. वाचलेली मुलं विचारतात, ‘त्या शेळीला मग घरी कोणी आणलं?’ असा प्रश्न आला की लेखक खुर्चीत पुढे सरकून बसतो. त्या क्षणी खरी भेट सुरू होते.

मी मुलांसाठी प्रकट वाचन करते. महोत्सवात माझं काम लेखक येण्याआधीचं. सतरंजीवर मुलांना दाटीवाटीने बसवायचं आणि पुस्तक मोठ्याने वाचायचं, म्हणजे लेखक समोर येईल तेव्हा त्याची गोष्ट मुलांच्या ओळखीची झालेली असेल. बघायला सोपं दिसतं. पण पुस्तक स्वतःसमोर धरून चालत नाही. ते खांद्याच्या उंचीवर, बाजूला, चित्र मुलांकडे करून धरावं लागतं. मजकूर तिरक्या नजरेने दिसतो, म्हणून तो जवळजवळ पाठ हवा. पान खालच्या कोपऱ्याला धरून उलटायचं, नाहीतर हात चित्रावर येतो. आणि उलटण्याआधी थांबायचं. चांगल्या चित्रपुस्तकात उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटाशी ठेवलेली असते. तिथे वाचणारी थांबली की मुलं आपणहून बोलू लागतात: पडणार, नाही पडणार, मागे बघ मागे! हे थांबणं मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

वेगवेगळे आवाज काढून नाटक करायची गरज मला वाटत नाही. वाक्य नीट रचलेलं असेल तर ते कसं वाचायचं हे त्याचं तेच सांगतं. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’मधली पुस्तकं वाचताना हे फार जाणवतं. लिहिणारी आणि चित्रं काढणारी व्यक्ती एकच. शब्द थांबतात तिथून चित्र पुढे बोलतं, आणि मुलं राधाच्या घरातल्या माणसांमध्ये रेंगाळत राहतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा मला घरच्या कोणाचा गौरव झाल्यासारखा आनंद झाला होता.

लेखकांना मी एकच गोष्ट आवर्जून मागते: तयार पुस्तकाबरोबर त्याची डमी, म्हणजे कच्ची प्रतही आणा. एका लेखिकेने ती आणली होती. पेन्सिलीने काढलेली, खाडाखोड केलेली, कडेला चहाचा डाग पडलेली. ती हातोहात फिरली. मागच्या रांगेतल्या एका मुलाने डमी आणि पुस्तक शेजारी शेजारी उघडून धरलं आणि म्हणाला, ‘इथे शेळी तिकडे चाललीय आणि इथे इकडे. का बदललं?’ लेखिका उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून उजवीकडे तोंड केलेली शेळी पुढे निघाल्यासारखी वाटते आणि डावीकडे वळलेली घरी परतल्यासारखी, असं तिने बोटाने दाखवत सांगितलं. ‘तिला तर पळून जायचं होतं, म्हणून मी तिचं तोंड फिरवलं.’ शिवाय डमीत शेळीचं डोकं दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेलं होतं, तेही सरकवावं लागलं.

मग तिने वर्तमानपत्राचा मोठा कागद तीनदा दुमडला, कडा कापल्या आणि सोळा पृष्ठांचा फर्मा करून दाखवला. गोष्टीत एक पाऊस होता, तो ह्या सोळा पृष्ठांत मावला नाही म्हणून गेला, हे ऐकून मुलं हळहळली. पुस्तक आकाशातून पडत नाही, कोणीतरी बसून, बदलून, कापून ते करतं, हे त्या कागदाने सांगितलं. माझ्या मते मुलांना लेखक भेटवायचा तो यासाठी.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे लेखक म्हणजे छापलेलं नाव. ‘किशोर’ मासिक १९७१पासून गावोगावच्या शाळांत जातंय. त्यातली नावं मुलांना पाठ असायची, माणसं मात्र दिसायची नाहीत. दिल्लीत २००८ साली मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्यांच्या पुढाकारातून ‘बुकारू’ हा बालपुस्तक महोत्सव सुरू झाला. उघड्यावर, झाडांखाली, छोटे छोटे गट करून बसायचं. पुढे तो पुण्यातही भरला, आणि २०१७ साली लंडन पुस्तक मेळ्यात त्याचा गौरव झाला. आता पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो. तिथे पुस्तकांच्या दालनांतून हिंडणारी मुलं पाहिली की फार बरं वाटतं.

पण मोठं व्यासपीठ मला पटत नाही. एका ठिकाणी शेकडो मुलं सभागृहात, लेखक दूर उंचावर. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल, श्रीफळ होईस्तोवर मुलांचा डबा खायचा वेळ झाला होता. मुलांना बसायला सतरंजी हवी आणि लेखकाच्या हातातलं चित्र शेवटच्या मुलाला दिसलं पाहिजे. तेवढ्यात मावतील तेवढीच मुलं घ्यावीत आणि हवं तर सत्रं वाढवावीत. आणि पुस्तकं शाळांकडे आधी जावीत. वर्गाला दोन प्रती पुरतात, बाई वाचून दाखवतात. अशा एका शाळेची मुलं चिकटपट्टी लावलेली, कोपरे दुमडलेली प्रत घेऊन आली होती, तेव्हा लेखकाने नवी कोरी प्रत बाजूला ठेवली आणि त्या प्रतीवर सही केली.

यंदा एका मुलीने लेखिकेला सरळ सांगितलं, ‘शेवट मला नाही आवडला.’ लेखिकेने विचारलं, ‘मग तू काय केलं असतंस?’ मुलगी सांगू लागली, तिला दुसरीने अडवलं, तिसऱ्याने पुस्तक ओढून घेऊन पुरावा दाखवला. सत्राची वेळ संपली होती आणि पुढची मुलं दाराशी आली होती. मी कोणालाही उठवलं नाही. दुसरी सतरंजी घेऊन बाहेरच्या झाडाखाली गेले आणि पुढचं वाचन तिथे सुरू केलं.