माहेरची गाडी कुठे बदलायची?

मुलगी कोणत्या गावी दिली हे सांगताना जुन्या बायका अंतर मैलांत सांगत नसत. ‘दोन गाड्या बदलाव्या लागतात’ असे म्हणत. ऐकणारीला तेवढ्यात सारे कळे. मुलगी सणाला येईल की नाही, बाळंतपणाला वेळेवर पोहोचेल की नाही आणि आईबापांचे तोंड शेवटचे पाहायला मिळेल की नाही, हे त्या बदलायच्या गाड्यांच्या संख्येवर ठरत असे.

आता देशात ताशी ३२० किलोमीटर वेगाच्या गाडीची तयारी चालू आहे. मुंबई-अहमदाबाद हे ५०८ किलोमीटरचे अंतर दोन तासांत कापणाऱ्या बुलेट ट्रेनची चर्चा घरोघरी होते. कुणाला तिचा अभिमान वाटतो, कुणाला तिचा खर्च डाचतो. पण दूरदेशी संसार करणाऱ्या बाईचा प्रश्न आजही तोच आहे. गाडी कुठे बदलायची?

जयपूरच्या काकू

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली असंख्य कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणे हे त्यांचे काम. जिथे सराफ बाजार आहे, तिथे विट्याकडचा गलाईवाला बहुधा भेटतोच. जयपूरच्या मुरलीपुरा भागात राहणारे एक मराठी कुटुंब अशांपैकीच. यजमानांचे काम जुन्या शहरात, जोहरी बाजाराच्या बाजूला. घर सीकर रोडलगत. गावाकडे या घरच्या बाईंना सगळे ‘जयपूरच्या काकू’ म्हणतात, आणि मुरलीपुऱ्यातल्या शेजारणी त्यांना ‘मराठी भाभी’ म्हणून ओळखतात. चाळीस वर्षे दोन्हीकडे त्या थोड्या परक्याच राहिल्या, आणि दोन्हीकडे हक्काच्याही झाल्या.

१९८४ मध्ये लग्न होऊन काकू निघाल्या, तेव्हा विट्याहून एसटीने कराड, कराडहून रेल्वेने पुणे-मुंबई, मुंबईहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीने सवाई माधोपूर, आणि तिथून छोट्या गाडीने जयपूर असा प्रवास होता. सवाई माधोपूर हे नाव काकूंनी तेव्हा प्रथम ऐकले. आज त्या गावाचे नाव निघाले की लोकांना रणथंभोरचे वाघ आठवतात. काकूंना आठवतात त्या डोक्यावर ट्रंक, हातात वळकटी आणि पदरात बांधलेले पैसे सांभाळत एका गाडीतून उतरून दुसरीची वाट पाहण्यात गेलेल्या रात्री.

एकाच ठिकाणी सगळ्यांना का उतरावे लागे? कारण साधे आहे. मुंबई-दिल्ली मार्गाचे रूळ ब्रॉडगेजचे, म्हणजे दोन रुळांमधले अंतर १.६७६ मीटर. जयपूरकडचे रूळ मीटरगेजचे, म्हणजे अंतर एक मीटर. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालू शकत नाही. त्यामुळे माणसे उतरत आणि मालही उतरवावा लागे. धान्याची पोती मजूर पाठीवर घेऊन एका वाघिणीतून दुसरीत टाकत. इंग्रजांच्या काळात खर्च वाचवण्यासाठी राजपुतान्यात अरुंद रूळ टाकले गेले, आणि त्याची किंमत पुढची शंभर वर्षे प्रवाशांनी मोजली.

काकूंनी ही किंमत मोजली ती १९८८ मध्ये. वडील गेल्याची तार जयपूरला दुसऱ्या दिवशी पोहोचली. कडेवर वर्षाची मुलगी घेऊन त्या निघाल्या. आरक्षण नव्हते, वाटेत एक जोडगाडी चुकली. गावात पाऊल टाकले तेव्हा राख सावडून झाली होती. आईने जवळ घेतले आणि एवढेच म्हटले, ‘लांब दिली गं तुला.’ काकू आजही म्हणतात, रेल्वे हळू धावत होती याचे दुःख नाही. एका ठिकाणी थांबून राहावे लागले, त्याचे आहे.

रूळ जोडले, माणसे जोडली

१ एप्रिल १९९२ पासून रेल्वेने देशभरातले रूळ एकाच मापाचे करण्याची मोहीम हाती घेतली. तिला ‘प्रोजेक्ट युनिगेज’ म्हणतात. जयपूरचे रूळ पहिल्या काही वर्षांतच ब्रॉडगेज झाले. ते दशक संपता संपता दिल्ली-जयपूर-अहमदाबाद हा मार्गही बदलला. जयपूरहून मुंबईला थेट गाडी मिळू लागली. दुपारी जयपूरला बसायचे, रात्री झोपायचे आणि सकाळी बोरिवलीला डोळे चोळत खिडकीतून लोकल पाहायच्या. सुमारे साडेअकराशे किलोमीटरचा हा प्रवास आजही सतरा-अठरा तासांचा आहे. म्हणजे वेगाच्या हिशेबात फार मोठी उडी नाही. पण सवाई माधोपूरला उतरावे लागत नाही, आणि काकूंच्या दृष्टीने माहेर निम्म्याने जवळ आले ते त्या दिवशी.

मुरलीपुऱ्याच्या शेजाऱ्यांनी हेच पुढे आपल्या अंगणात पाहिले. जवळच ढेहर का बालाजी हे छोटे स्टेशन आहे. जयपूर-रींगस-सीकर मार्ग तिथून जातो. तो मीटरगेजच होता. रूळ बदलण्यासाठी २०१६ मध्ये जयपूर-रींगस भागातल्या गाड्या बंद झाल्या आणि २०१९ मध्ये ब्रॉडगेजवर पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात शेखावाटीकडे माहेर असलेल्या शेजारणींना बसशिवाय मार्ग नव्हता. गाडी परत सुरू झाली तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटणाऱ्या बायका पाहून काकूंना नवल वाटले नाही.

वेगही आला आहे. अजमेर-दिल्ली कँट ‘वंदे भारत’ एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. हे अंतर तिने सव्वापाच तासांवर आणले. त्याआधीच्या सर्वांत वेगवान शताब्दीपेक्षा एक तास कमी. ताशी १६० किलोमीटर धावू शकणाऱ्या या गाडीची सरासरी मात्र ताशी ८० च्या थोडी वर पडते. कारण वेग इंजिनात जितका असतो, तितकाच तो रुळांत, वळणांत, सिग्नलांत आणि फाटकांतही असावा लागतो. म्हणूनच मुंबई-दिल्ली मार्ग १६० च्या वेगासाठी तयार करण्याच्या कामाला सरकारने २०१९ मध्ये मंजुरी दिली. त्याच मार्गावर मथुरा ते कोटा या टप्प्यात गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणा जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. सवाई माधोपूर याच टप्प्यात येते. बुलेट ट्रेनइतकी चर्चा या कामाची होत नाही. पण जयपूर-मुंबई गाडी धावते ती याच रुळांवरून.

पुन्हा तीच अदलाबदल?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला झाली. प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये. त्याचा ८१ टक्के भाग जपानच्या ०.१ टक्का व्याजाच्या, पन्नास वर्षे मुदतीच्या कर्जातून येणार होता. २०२२ चे उद्दिष्ट हुकले. सुरतच्या बाजूचा गुजरातमधला पहिला टप्पा २०२७ मध्ये सुरू करण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. बारा स्थानकांपैकी मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार महाराष्ट्रात आहेत.

काकूंची मुलगी आता विरारला असते. आजोळी आलेल्या नातवाने मोबाइलवर बुलेट ट्रेनची चित्रफीत दाखवली आणि उत्साहाने सांगितले, ‘आजी, तू सरळ आमच्या विरारला उतरशील!’ काकूंनी विचारले, ‘जयपूरहून सरळ?’ नातू गप्प झाला.

आजीचा प्रश्न अचूक होता. बुलेट ट्रेन जपानी पद्धतीच्या, १.४३५ मीटर मापाच्या रुळांवर धावणार आहे. आपले बाकीचे रूळ १.६७६ मीटरचे. म्हणजे जयपूरची गाडी बुलेटच्या मार्गावर जाऊ शकणार नाही, आणि बुलेट जयपूरला येऊ शकणार नाही. साबरमतीला किंवा अहमदाबादला उतरून गाडी बदलावी लागेल. दिल्लीहून जयपूर, अजमेर, उदयपूरमार्गे अहमदाबादला जाणाऱ्या वेगवान मार्गाचा विचार झालेला आहे, पण आज तरी जयपूरकरांसाठी तो कागदावरच आहे.

ही अडचण आपल्याच वाट्याला आली आहे असे नाही. जपानचे जुने रूळ तर १.०६७ मीटरचे, आपल्या मीटरगेजच्या जवळपास. १९६४ मध्ये टोकियो-ओसाका मार्गावर पहिली शिन्कान्सेन धावली तेव्हा तिथेही माप वेगळेच होते. पण टोकियो, नागोया, क्योटो या स्थानकांत नवी गाडी जुन्या गाडीच्या शेजारीच आणून उभी केली गेली. प्रवाशाला जिना चढून उतरण्यापलीकडे त्रास नाही. स्पेनचे जुने रूळ आपल्यासारखेच रुंद. एप्रिल १९९२ मध्ये, म्हणजे आपली युनिगेज मोहीम सुरू झाली त्याच महिन्यात, तिथे माद्रिद-सेव्हिया ही वेगवान गाडी वेगळ्या मापाच्या रुळांवर सुरू झाली. स्पेनने अशा गाड्याही वापरात आणल्या, ज्या सांध्याच्या जागेवरून हळू जाता जाता चाकांमधले अंतर बदलतात आणि दुसऱ्या मापाच्या रुळांवर निघून जातात. प्रवाशाला जागचे हलावे लागत नाही. फ्रान्सने १९८१ मध्ये जुन्याच मापाचे रूळ ठेवल्यामुळे त्यांची वेगवान गाडी जुन्या मार्गांवरूनही दूरच्या गावांना जाते. म्हणजे वेगाबरोबर सांध्याचा विचारही या देशांनी केला.

आपल्याकडे काय दिसते? अहमदाबादला बुलेटचे स्थानक जुन्या स्टेशनच्याच फलाटांवर उभारले जात आहे. साबरमतीला रेल्वे, मेट्रो आणि बस यांना जोडणारी मोठी इमारत उभी राहिली आहे. ही चांगली गोष्ट आहे. रात्री जयपूरहून निघालेल्या बाईला सकाळी तिथे छपराखालून बुलेटपर्यंत जाता येईल. महाराष्ट्राच्या बाजूला मात्र कोडे उरते. मुंबईचे स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलात जमिनीखाली आहे. ठाण्याचे स्थानक नावाने ठाणे, पण जागा दिव्याजवळच्या म्हातार्डीची. कराडची गाडी पकडायला दादर किंवा कल्याण गाठायचे, तर दोन तासांत कापलेले अंतर एका बाजूला आणि शेवटच्या वीस किलोमीटरांची धावपळ दुसऱ्या बाजूला, असे होऊ नये.

ज्यांची जमीन गेली

वेगाचा हिशेब मांडताना आणखी एक घर विसरून चालणार नाही. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांनी या मार्गाला बराच काळ विरोध केला. कुणाचे भातशेत, कुणाची चिकूची वाडी, कुणाचे राहते घर मार्गात येत होते. सुमारे वीस हजार कांदळवने तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. जानेवारी २०२४ पर्यंत मार्गासाठी लागणारी सर्व जमीन ताब्यात आल्याचे जाहीर झाले. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या गावातून गाडी तीनशेच्या वेगाने निघून जाईल. त्यांना चढता येईल ते बोईसर किंवा विरारला, आणि तेही तिकीट परवडले तर.

काकूंनाही भाड्याची चिंता आहेच. चारजणांचे कुटुंब दिवाळीला गावी न्यायचे तर आजही स्लीपरची चार तिकिटे मिळवताना घरातला थोरला मुलगा आरक्षण उघडण्याच्या सकाळी मोबाइल घेऊन बसतो. वेगवान गाडीचे तिकीट विमानाशी बरोबरी करणारे झाले, तर गलाईवाल्याचे, शिंप्याचे, हवालदाराचे घर जुन्याच गाडीत राहील. मग त्या जुन्या गाडीला डबे किती, तिचा मार्ग मोकळा आहे का, ती जोडगाडीच्या वेळेत पोहोचते का, हे प्रश्न बुलेटइतकेच मोठे ठरतात.

काकूंची आई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तार केव्हाच बंद झाली. आता फोनवर रोज तोंड दिसते. ‘कधी येतीस?’ हा प्रश्न मात्र फोनने मिटत नाही. काकू चार दिवसांची पिशवी कपाटात भरून ठेवतात आणि तिकिटापुरते पैसे वेगळे काढून ठेवतात. वडिलांच्या वेळी जे झाले ते आईच्या वेळी होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा.

नवी रेल्वे आखणाऱ्यांनी नकाशावर दोन शहरांमधली रेघ जरूर सरळ करावी. पण जिथे ती रेघ जुन्या रुळांना भेटते, तिथे हातात पिशवी आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईला किती पायऱ्या चढाव्या लागतील, किती वेळ थांबावे लागेल आणि तिच्या एका तिकिटात पुढची गाडी धरली आहे की नाही, हे आधी मोजावे. गाडी तीनशेने धावली तरी काकू त्या सांध्यावर थांबतील तेवढ्याच उशिरा आईजवळ पोहोचणार आहेत.