आकाशातले किलोमीटर आणि हातातलं घड्याळ

मंगळवार, मुंबई विमानतळ
टॅक्सी ७५० रुपये. चहा २६० रुपये, तोही पिशवी बुडवलेला. उड्डाणाला ५० मिनिटं उशीर.

बुधवार, लंडन
डोकं जड झालंय, तरी मुद्दा लिहून ठेवतो. लंडन किती लांब, असं कुणी विचारलं की मुंबईकर ७,२०० किलोमीटर सांगून मोकळा होतो. हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. ताशी ९०० किलोमीटरनं भागलं तर आठ तास येतात. वेळापत्रकात मात्र जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना साधारण तासभर कमी. शहरं तीच, मग फरक कशाचा? पश्चिमेकडून पूर्वेकडे सुटणाऱ्या जेट स्ट्रीम या उंचावरच्या वाऱ्याचा. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी असताना एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. एरवी तिथं साडेसहा-सात तास लागतात.

गुरुवार, लंडन
चहा साडेतीन पौंड. पाऊस. झोप नाही.

शनिवार, टोकियो
वाऱ्यापेक्षाही राजकारण भारी पडतं. लंडन–टोकियो अंतर सुमारे ९,६०० किलोमीटर. २०२२ पर्यंत सैबेरियावरून बारा तासांत होणारा हा प्रवास आता चौदाच्या घरात गेलाय, कारण युक्रेन युद्धानंतर रशियाचं आकाश ब्रिटिश विमानांना बंद झालं आणि जपानी कंपन्याही ते टाळतात. हेलसिंकी–टोकियोला तर साडेनऊ-दहाचे तेरा तास झाले. नकाशावर एक किलोमीटरही वाढलेला नाही. यात नवं काही नाही. शीतयुद्धाच्या काळातही सोव्हिएत आकाश टाळून जपानला जाणारी युरोपची विमानं इंधनासाठी अलास्कातल्या अँकरेजला उतरत. आपल्याकडे २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या उड्डाणांची वेळ वाढली. मुंबईला त्याची झळ कमी बसली, कारण अरबी समुद्रावरची वाट मोकळी होती.

कुणी म्हणेल, हे अपवाद झाले; इंधन आणि भाडं शेवटी अंतरावरच ठरतं. पण इंधन जळतं ते विमान हवेत असेल तितका वेळ. फेरा वाढला की इंधन वाढतं, वैमानिकांचे कामाचे तास वाढतात, कधी माल कमी भरावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वारा रोज बदलतो, किलोमीटर तेवढे पक्के. खरं आहे. पण म्हणूनच कंपन्या वेळापत्रक हंगामानुसार आणि दिशेनुसार वेगळं बसवतात. किलोमीटरचा आकडा पक्का आहे, पण प्रवाशाच्या कामाचा नाही.

सोमवार, टोकियो
मेट्रो. भात, मासे. निवांत.
पुढचं जोडविमान पकडायचं असेल, तर वाचकहो, अंतर विचारत बसू नका. वेळ विचारा; जाण्याची वेगळी, येण्याची वेगळी, आणि तीही चालू हंगामाची.