ओव्याचा वास

आमचं मुदखेड फुलशेतीसाठी ओळखलं जातं. पण आमच्या घरामागच्या शेडमध्ये वर्षभर ओव्याचाच वास होता. धाकट्या भावानं ससे पाळले होते, सात माद्या आणि तीन नर.

पिल्लं महिन्याची झाली, आईचं दूध सुटलं की हगवण लागायची. पोट फुगायचं आणि एक-दोन दिवसांत खेळ संपायचा. अम्मीचा उपाय ठरलेला. आमच्या पोटदुखीला ओवा, तसा सशांनाही ओवा. खुराकात भरडलेला ओवा आणि सोबत शेवग्याचा पाला. यात वेडेपणा नव्हता. ओव्यातलं थायमॉल जंतूंना मारक असतं. युरोपीय संघानं जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं मिसळणं २००६ पासून बंद केलं. तिकडे सशांच्या खाद्यात थाइम मिसळून प्रयोग झाले. त्यातही थायमॉलच असतं.

तरी आमची पिल्लं मरतच होती. डॉक्टर आले. त्यांनी खुराकाआधी पिंजऱ्याचा तळ पाहिला. तो ओला होता. म्हणाले, "हा कॉक्सिडिओसिस. लेंड्यांतून पसरतो, ओलाव्यात जोर धरतो. आधी खाली जाळी बसवा, जागा कोरडी ठेवा." सोबत पाण्यातून द्यायचं सल्फाचं औषध दिलं आणि सांगितलं, औषध बंद केल्यावर ठरलेले दिवस जाईपर्यंत ससा मांसासाठी विकायचा नाही.

पिल्लं जगली. मग भावानं पाटी रंगवली, 'फक्त वनौषधींवर वाढवलेले ससे, औषधाचा थेंब नाही.' भावही चढा लावला.

अब्बांनी पाटी वाचली. "आणि ती सल्फाची बाटली?"

"ती कोणाला दिसते, अब्बा?"

अब्बा रागावले नाहीत. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून पाहणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस त्यांनी सांगितली. रास वरून कोरडी होती, पण आत गेलेली बोटं ओली होऊन बाहेर आली. पावसानं भिजलेलं धान्य वरच का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं होतं.

संध्याकाळी पाटी उतरली. औषधाचे दिवस पुरे होईपर्यंत एकही ससा विकला नाही. दोन गिऱ्हाइकं गेली. उरलेल्यांना भावानं ओवाही सांगितला, सल्फाही सांगितलं. भाव साधाच मिळाला.

खुराकात ओवा अजून पडतो. पण शेडमध्ये गेल्यावर भाऊ आधी पिंजऱ्याच्या तळाला हात लावून पाहतो, कोरडा आहे ना.