जोडाच्या तारा

यंत्राला सूर असतो, हे विधान अलंकारिक वाटते. परंतु ज्याने दोन सिलिंडरांची मोटारसायकल घरच्या अंगणात जुळवली आहे, त्याच्या लेखी ते वस्तुस्थितीचे साधे कथन असते. इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत राहणारे गणिताचे एक निवृत्त शिक्षक अशांपैकी एक. त्यांच्याजवळ राजदूत 350 आहे. यामाहाच्या आरडी 350 च्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्सने ही गाडी 1983 पासून भारतात काढली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. 347 घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन. सिलिंडर दोन, प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर, आणि दोघांना हुकूम देणारी मूठ मात्र एकच. सारी अडचण आणि सारी गोडी या रचनेतच आहे.

हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे, एवढेच कार्ब्युरेटरचे काम. पण दोन कार्ब्युरेटरांची मात्रा सारखी नसेल, तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओढला जातो. हे नुसते बेसूरपण नव्हे. ज्या बाजूला पेट्रोल कमी पडते तो सिलिंडर अवाजवी तापतो. पिस्टन जागीच जखडतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी अडते. मास्तर म्हणूनच या कामाकडे छंद म्हणून पाहत नसत. आधी पॉइंट्स आणि प्लग तपासायचे, कारण ठिणगीचा दोष पुष्कळदा कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो; मग जेट धुवायचे, फ्लोटची उंची पाहायची; इंजिन पुरते तापवायचे; आणि मग डोळे मिटून ऐकायचे. या अखेरच्या पायरीसाठी त्यांना कधी उपकरण लागले नाही. गल्लीतले लोक त्यांच्या कानाचा दाखला देत.

सत्तरी ओलांडल्यावर तोच कान हळूहळू मंदावला. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला शांतता ऐकू येत नाही. त्याला सारे काही ठीक चालले आहे असे वाटते. एका रविवारी मास्तरांनी गाडी जुळल्याचे जाहीर केले, तेव्हा पायरीवर बसलेली मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, डावा मागे राहतो आहे.’’

‘‘नाही गं, दोन्ही सारखे आहेत.’’

तिने वाद घातला नाही. इंजिन बंद करून तिने उजव्या प्लगची टोपी काढली, तीत दुसरा प्लग बसवून तो इंजिनाला टेकवला आणि किक मारली. एकट्या डाव्यावर गाडी तग धरेना. मग बाजू बदलली. एकट्या उजव्यावर ती खुशाल चालली. गणिताच्या माणसाला याहून स्पष्ट सिद्धता कोणती हवी? मास्तर हातातले फडके घडी घालून ठेवून आत निघून गेले.

बाहेर आले ते एक जीर्ण वही घेऊन. जवळजवळ तीस वर्षांच्या नोंदी तीत होत्या: ऋतू, प्लगचा रंग, स्क्रूचे फेरे. ती त्यांनी मुलीच्या हाती दिली. तिने एअर स्क्रू अलगद आत बसवून दोन्हीकडे दीड फेरा मागे घेतले. एकेक सिलिंडर एकटा चालवून दोघांची मंद चाल सारखी केली. मग एअर फिल्टर काढून मागच्या तोंडांतून पाहत केबल अशा जुळवल्या, की मूठ फिरताच दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जाव्यात. शेवटी हँडल डावी-उजवीकडे वळवून चाल बदलत नाही ना, हेही पाहिले.

या क्रमात एक शहाणपण आहे. एकाच्या उणिवेला दुसऱ्याची उणीव जोडून साधलेले साम्य टिकत नाही. आधी प्रत्येकाने एकट्याने नीट चालावे, मग दोघांनी एका मुठीत यावे. तंबोऱ्यातल्या जोडाच्या दोन तारा अशाच लावतात: आधी एक षड्जावर स्थिर, मग दुसरी तिच्याशी, दोघींमधली लहर विरून जाईपर्यंत. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे भारत स्टेज 6 निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोलची मात्रा संगणक ठरवतो, आणि ती अधिक अचूक असते, हे मान्यच करायला हवे. मात्र दोन चाली जुळवताना एका पिढीने दुसरीचे ऐकावे, असा प्रसंग त्याबरोबर विरळ होत गेला.

गाडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मास्तर मागे जाऊन उकिडवे बसले. दोन सायलेन्सरांच्या मागे वीतभर अंतरावर त्यांनी दोन तळहात धरले. उष्ण ठोके दोन्ही हातांवर आलटून पालटून पडत होते. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, ‘‘आता बरोबर आहे. वहीत लिही.’’

वहीतले त्यापुढचे अक्षर मुलीचे आहे.