रोम ते लिस्बन

मार्च २०१९. रोमहून लिस्बनला जाणारे आमचे विमान सकाळी दहाला सुटणार होते आणि दुपारी बाराला पोहोचणार होते. म्हणजे दोन तासांचा प्रवास, असा आम्ही हिशेब केला. शेजारच्या प्रवाशाने हसून तो दुरुस्त केला. लिस्बनचे घड्याळ रोमच्या एक तास मागे चालते. प्रवास तीन तासांचा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, भूगोल मात्र शाळेतच राहिला!

या दोन शहरांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे १,८५० किलोमीटर. विमानाच्या वेगाने ते सव्वादोन तासांत कापले जावे. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांत वेळ जातो, आणि त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून समोर येतो. म्हणून परतीचा प्रवास थोडा लवकर उरकतो.

याच मार्च महिन्यात, १५४० साली, संत फ्रान्सिस झेवियर रोमहून लिस्बनला निघाले होते. खरे तर जायचे होते फादर बोबादिया यांना. ते आजारी पडले आणि झेवियर यांना जेमतेम एका दिवसाची सूचना मिळाली. पोर्तुगीज राजदूत मास्कारेन्हस यांच्या लवाजम्याबरोबर लोरेटो, बोलोन्या, मग आल्प्स पर्वत, फ्रान्स, स्पेन अशी मजल दरमजल करीत ते जूनअखेरीस लिस्बनला पोहोचले. तीन महिन्यांहून अधिक काळ! तेथून पुढे गोव्याच्या भूमीला त्यांचे पाय लागले ते ६ मे १५४२ रोजी.

या खुष्कीच्या प्रवासाची एक गोष्ट आम्ही दर ३ डिसेंबरच्या सणाला सांगत आलो. वाट जन्मघराजवळून जात असताना संत आईला न भेटताच पुढे गेले, देवकार्याला उशीर नको म्हणून. आम्ही ती सेमिनरीत ऐकलेली आणि तशीच पुढे दिलेली. एका वर्षी मिस्सा संपल्यावर आमची आई आम्हाला म्हणाली, “मग त्या माऊलीनं काय केलं असेल रे? दारात उभी राहिली असेल ना?” आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. तिचाही एक मुलगा सुट्टीत घरी आला की दोन दिवसांपेक्षा अधिक थांबत नसे.

विमान स्पेनच्या तपकिरी पठारावर आले. उजव्या हाताला, बरेच दूर, संतांचा नावार्रा प्रांत. मांडीवर त्यांचे चरित्र उघडे होते, आणि त्यात एक साधा सन छापला होता. त्यांची मातोश्री मारिया १५२९ साली निवर्तली. संत रोमहून निघाले तेव्हा तिला जाऊन जवळजवळ अकरा वर्षे झाली होती. दारात कोणी उभेच नव्हते.

आमची आई २०१६ साली गेली. तिला हे सांगायचे राहून गेले. विमान उतरले तेव्हा आमच्या मनगटावर एक वाजला होता. आम्ही काटा मागे घेतला.

त्या वर्षीच्या सणाला प्रवचनात आम्ही आमची चूक कबूल केली. मिस्सेनंतर एक वयस्क बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, “फादर, आई आधीच देवाघरी गेली होती, हे बरं झालं. इतकी वर्षं तिच्यासाठी जीव तुटत होता.”